वाचकांचे प्रश्न : आभासी फोनवर वेबसाइट आणि ॲपची चाचणी

या महिन्यात आलेले बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवतीचे आहेत. संगणकावर आभासी फोन (अँड्रॉइडचा तो एम्युलेटर, आयफोनचा तो सिम्युलेटर) चालवून साइट किंवा ॲप तपासायचे, तर तो फोन सांभाळायचा कसा? म्हणून सदराची ही सगळी जागा त्यालाच दिली आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा.

प्रश्न : टॉवेल-चादरीच्या एका व्यापाऱ्यासाठी ऑर्डर घेण्याचे ॲप आम्ही दोघे मिळून करतोय. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. अँड्रॉइड स्टुडिओत एक एम्युलेटर लावला तरी सगळे अडखळते, दुसरा लावला की गोठतेच. त्यात सी ड्राइव्ह भरत आलाय. नवा लॅपटॉप घ्यावाच लागेल का?
— अशोक चौक, सोलापूर

उत्तर : घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय चालू आहे का. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘एनेबल्ड’ दिसले पाहिजे. नसेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन चालू करा (इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम या नावाने असते). मग विंडोज फीचर्समध्ये ‘विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म’वर खूण करून संगणक पुन्हा सुरू करा. ‘एम्युलेटर -ॲक्सेल-चेक’ ही आज्ञा दिली की वेग मिळतोय की नाही ते कळते. जुन्या मार्गदर्शक व्हिडिओंत हॅक्सएम (एम्युलेटरला वेग देणारे इंटेलचे साधन) बसवायला सांगतात. ते आता बसवू नका. इंटेलने त्याचे काम थांबवले आहे आणि नव्या एम्युलेटरने त्याचा आधार सोडला आहे.

दुसरी गोष्ट, रॅम. स्टुडिओ आणि एम्युलेटर दोन्ही एकत्र चालवायला गूगल १६ जीबी सांगते, त्यामुळे ८ जीबीत दोन एम्युलेटर हा हट्ट सोडा. एकच ठेवा, आणि तोही स्टुडिओ बंद करून चालवा. त्यासाठी टर्मिनलमध्ये ‘एम्युलेटर -एव्हीडी’ आणि पुढे फोनचे नाव एवढे पुरते. ॲप एकदा बांधले की ते ‘एडीबी इन्स्टॉल’ने चढवता येते (एडीबी म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देण्याचे साधन), प्रत्येक वेळी स्टुडिओ उघडा ठेवायची गरज नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये फोन ‘एडिट’ करून त्याची रॅम २ जीबीवर आणा. पडदा ७२० × १६०० आणि घनता ३२० ठेवा. आपल्याकडच्या स्वस्त फोनचा हा नेहमीचा साचा आहे, आणि १४४० पिक्सेल रुंदीचा पडदा रंगवण्यात ग्राफिक्सचा जो जीव जातो तोही वाचतो.

तिसरी, जागा. ती दोन ठिकाणी खर्च होते आणि लोक एकच साफ करतात. एसडीकेच्या (अँड्रॉइडच्या साधनसंचाच्या) फोल्डरात ‘सिस्टिम-इमेजेस’ असते. अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीची प्रत तिथे साठते, आणि एकेक प्रत काही जीबींची असते. फोन डिलीट केला तरी त्याची सिस्टिम इमेज तिथेच राहते. ती एसडीके मॅनेजरमधून, ‘शो पॅकेज डिटेल्स’वर खूण करून वेगळी काढावी लागते. दुसरे ठिकाण म्हणजे तुमच्या यूजर फोल्डरातले ‘.अँड्रॉइड’ आणि त्याच्या आतले ‘एव्हीडी’. इथे प्रत्येक फोनचा डेटा आणि स्नॅपशॉट, म्हणजे फोनच्या त्या क्षणाच्या अवस्थेच्या प्रती, असतात. स्नॅपशॉटमध्ये फोनच्या रॅमचीही प्रत जाते. म्हणून चार स्नॅपशॉट ठेवलेला फोन बघता बघता १० जीबीच्या पुढे जातो. एम्युलेटरच्या एक्स्टेंडेड कंट्रोल्समध्ये स्नॅपशॉट्स उघडा आणि नको ते काढा.

एवढे करूनही सी ड्राइव्ह भरत असेल तर ‘अँड्रॉइड_एव्हीडी_होम’ नावाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल करून त्यात डी ड्राइव्हवरचे फोल्डर द्या. जुना फोन मात्र हाताने कापून तिकडे चिकटवू नका. ‘.आयएनआय’ फाइलमध्ये जुना पत्ता राहतो आणि फोन यादीत तुटलेला दिसतो. ‘एव्हीडीमॅनेजर मूव्ह एव्हीडी’ ही आज्ञा वापरा, किंवा सरळ नवा फोन बनवा. आणि विंडोजमध्ये यूजरचे नाव मराठीत ठेवले असेल तर हे फोल्डर बदलणे टाळता येणारच नाही, कारण पत्त्यात देवनागरी अक्षरे आली की एम्युलेटर पुष्कळदा उठतच नाही. एसडीकेच्या पत्त्यात मोकळी जागाही नको.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हेच सगळे पुन्हा मंदावले तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. सोलापुरात पारा चाळिशीपार असताना लॅपटॉप गरम होतो आणि प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. लांबलचक चाचण्या सकाळी लावा, लॅपटॉपखाली हवा खेळू द्या.

प्रश्न : क्रोममध्ये एफ१२ दाबून फोनचे चिन्ह निवडले की कुठल्याही फोनचा आकार दिसतो. मग एम्युलेटरचा भार कशाला? माझी साइट पूर्ण मराठी आहे.
— विद्यार्थिनी, विजापूर रोड

उत्तर : मांडणी रचताना तेच वापरा. त्याहून झटपट काही नाही. पण ते चित्र फोनच्या आकाराचे असले तरी आत ब्राउझर तुमच्या संगणकाचाच असतो. पडद्याची रुंदी, स्पर्श, ब्राउझरची ओळख अशा वरवरच्या गोष्टीच तो बदलतो. तुमची साइट मराठी आहे म्हणूनच हा फरक तुम्हाला इतरांपेक्षा जास्त जाचेल.

विंडोजवर देवनागरी अक्षरे बहुधा निर्मला यूआय फाँटमध्ये दिसतात. अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी असतो, आयफोनवर कोहिनूर देवनागरी. तिन्हींची रुंदी आणि उंची वेगळी. लॅपटॉपवर एका ओळीत बसलेले ‘नोंदणी पूर्ण करा’ हे बटण फोनवर दोन ओळींत मोडते. ओळींतले अंतर तुम्ही १.२ ठेवले असेल तर रफार आणि वेलांटी वरून कापली जाते, उकार खालून. मराठीला १.५च्या खाली जाऊ नका, आणि बटणांना ठरावीक उंची न देता आतून जागा द्या. हे तपासायला खऱ्या अँड्रॉइडची प्रत चालवणारा एम्युलेटरच हवा. तिथे सेटिंग्जमध्ये अक्षरांचा आकारही वाढवून पाहा; घरातली वडीलधारी मंडळी फोन तसाच वापरतात. आज्ञेने करायचे तर ‘एडीबी शेल सेटिंग्ज पुट सिस्टिम फाँट_स्केल १.३’.

दुसरी अडचण कीबोर्डची. एफ१२च्या फोनमध्ये कीबोर्ड वर येतच नाही. खऱ्या फोनवर तो अर्धा पडदा खातो. क्रोमच्या १०८व्या आवृत्तीपासून अँड्रॉइडवर कीबोर्ड आला तरी पानाची मांडणी आक्रसत नाही, फक्त दिसणारा भाग लहान होतो. त्यामुळे तळाला चिकटवलेले ‘पुढे’ बटण कीबोर्डखाली लपते आणि वापरणाऱ्याला वाटते फॉर्म अडकला. पूर्ण उंचीसाठी ‘१००व्हीएच’ लिहिले असेल तर ॲड्रेस बारमुळे तळ आणखी खाली जातो. त्याऐवजी ‘१००डीव्हीएच’ वापरा.

एम्युलेटरमध्येही कीबोर्ड दिसत नसेल तर लॅपटॉपचा कीबोर्ड जोडलेला आहे म्हणून तो दडला आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये फिजिकल कीबोर्डखाली ‘शो ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ चालू करा.

जाता जाता एक खाचखळगा. ‘एडीबी शेल इनपुट टेक्स्ट’ने मराठी मजकूर भरता येत नाही, ती आज्ञा रोमन अक्षरांपुरतीच आहे. लॅपटॉपवर मजकूर कॉपी करा आणि एम्युलेटरमध्ये बोट दाबून पेस्ट करा, क्लिपबोर्ड दोघांत सामाईक असतो. आणि सोलापूरसाठी साइट करताय तर तेलुगू आणि कन्नड अक्षरांतली नावेही भरून पाहा. उर्दू आवृत्ती असेल तर एचटीएमएलमध्ये पानाची दिशा ‘आरटीएल’ (उजवीकडून डावीकडे) देऊन ते उजवीकडून नीट वळते का ते बघा.

प्रश्न : लॅपटॉपवर साइट लोकलहोस्ट ३०००वर चालते, एम्युलेटरच्या क्रोममध्ये तोच पत्ता टाकला तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.
— बार्शी

उत्तर : एम्युलेटर हा आपल्यापुरता वेगळा संगणक आहे. त्याच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो फोन स्वतः. लॅपटॉपपर्यंत पोहोचायला १०.०.२.२ हा पत्ता आहे, म्हणजे १०.०.२.२:३०००. साइट उघडेल. पण आम्ही दुसरा मार्ग सुचवू: ‘एडीबी रिव्हर्स टीसीपी:३००० टीसीपी:३०००’. यानंतर फोनमध्ये लोकलहोस्टच टाकायचे.

कारण असे की ब्राउझर लोकलहोस्टला सुरक्षित पत्ता मानतो, १०.०.२.२ला नाही. साध्या एचटीटीपीवर १०.०.२.२ उघडले तर स्थान, कॅमेरा आणि सर्व्हिस वर्कर (साइटचे पडद्याआडून चालणारे काम) तिथे चालत नाहीत, आणि माणूस तासभर आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. रिव्हर्सची आज्ञा फोन पुन्हा सुरू झाला की पुन्हा द्यावी लागते, एवढे लक्षात ठेवा. यूएसबीने जोडलेल्या खऱ्या फोनवरही ती तशीच चालते.

साइटऐवजी ॲप असेल तर आणखी एक अडथळा आहे. अँड्रॉइड ९पासून साधे एचटीटीपी ॲपमध्ये मुळातच बंद असते. नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग या ॲपच्या फाइलमध्ये फक्त चाचणीच्या बिल्डसाठी, फक्त त्या पत्त्यापुरती सवलत द्या. सरसकट देऊ नका. ती तशीच प्रकाशित होऊन जाते.

आयफोनच्या सिम्युलेटरमध्ये हा प्रश्न येत नाही. तो मॅकचेच नेटवर्क वापरतो, लोकलहोस्ट थेट उघडते.

प्रश्न : अक्कलकोटला येणाऱ्या भक्तांसाठी ‘जवळची भोजनालये’ दाखवणारी साइट आहे. एम्युलेटर स्थान अमेरिकेतले दाखवतो. आज्ञेने बदलले तर नकाशा समुद्रात जातो!
— अक्कलकोट रोड

उत्तर : एम्युलेटरचे मूळ स्थान कॅलिफोर्नियात गूगलच्या आवारात ठेवलेले असते. ‘एडीबी ईएमयू जिओ फिक्स’ या आज्ञेत आधी रेखांश आणि मग अक्षांश द्यायचा असतो. आपण सवयीने उलटे देतो. सोलापूरसाठी ‘जिओ फिक्स ७५.९१ १७.६६’. उलटे दिले तर तुम्ही नॉर्वेच्या उत्तरेला, स्पिट्सबर्गेन बेटाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात पोहोचता. आयफोनच्या सिम्युलेटरमध्ये क्रम बरोबर याच्या उलट आहे: ‘एक्ससीरन सिमसीटीएल लोकेशन बूटेड सेट १७.६६,७५.९१’. दोन्ही आज्ञा एकाच कागदावर लिहून टेबलासमोर लावा.

चालत्या गाडीतून पाहायचे तर एक्स्टेंडेड कंट्रोल्समध्ये लोकेशनखाली ‘रूट्स’ आहे. सोलापूर ते अक्कलकोट रस्ता आखून त्यावर फोन फिरवता येतो. परवानगी नाकारल्यावर साइट काय दाखवते तेही बघाच. कोरे पान दाखवणाऱ्या साइट पुष्कळ असतात. गावाचे नाव टाइप करायची जागा तिथे हवी.

प्रश्न : सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांतच वाहनतळाचा नकाशा दिसावा असे पान केले आहे. जानेवारीची वाट न बघता ते कसे तपासावे?
— मुरारजी पेठ

उत्तर : एम्युलेटरच्या सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ बंद करा आणि १४ जानेवारी, यात्रेतला एक दिवस ठेवा. मग यात्रा सुरू होण्याच्या आदल्या रात्री ११:५९ ठेवून मिनिट उलटताना पान बदलते का ते पाहा. चुका सीमेवरच सापडतात. तारीख फार पुढे नेली तर साइटचे एचटीटीपीएस प्रमाणपत्र मुदतबाह्य ठरून पानच उघडणार नाही, म्हणून हे लोकलहोस्टवर करा. आणि तारीख सर्व्हर ठरवत असेल तर फोनची तारीख बदलून काहीच कळणार नाही, तिथे सर्व्हरलाच चाचणीची तारीख द्यावी लागेल. भाड्याच्या क्लाउड फोनवर पाहणार असाल तर टाइम झोन तपासा. तो अमेरिकेचा असला तर आपला १४ तारखेचा सकाळचा भाग तिथे १३ असतो.

प्रश्न : आपोआप चालणाऱ्या चाचण्या कधी पास होतात, कधी नापास. कोडमध्ये काही बदललेले नसते. वीज जाऊन आली की फोन तर उघडतच नाही, ‘मल्टिपल एम्युलेटर्स’बद्दल काहीतरी संदेश येतो.
— होटगी रोड

उत्तर : वीज गेल्याचे आधी. एम्युलेटर चालू असताना आपल्या फोल्डरात ‘.लॉक’ने संपणाऱ्या फाइल करतो, नीट बंद झाला की पुसतो. वीज गेली तर त्या राहतात आणि पुढच्या वेळी त्याला वाटते हा फोन आधीच चालू आहे. टास्क मॅनेजरमध्ये क्यूईएमयू नावाची प्रक्रिया (एम्युलेटर आतून याच नावाने चालतो) उरलेली नाही हे पाहा, मग त्या फोनच्या ‘.एव्हीडी’ फोल्डरातल्या लॉक फाइल काढून टाका. तरीही काळा पडदाच आला तर स्नॅपशॉट खराब झाला आहे: डिव्हाइस मॅनेजरमधून ‘कोल्ड बूट नाऊ’. त्यानेही नाही जमले तरच ‘वाइप डेटा’. डेस्कटॉपला यूपीएस लावा.

कधी पास, कधी नापास याचे मूळ बहुतेकदा क्विक बूटमध्ये असते. फोन बंद करताना तो आहे त्या अवस्थेची प्रत घेतो आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतो. कालच्या चाचणीने केलेले लॉगिन, अर्धी भरलेली टोपली, नाकारलेली परवानगी, सगळे तसेच. कधी कधी घड्याळही मागे राहते, मग ओटीपीची मुदत आणि प्रमाणपत्रे बिनसतात. म्हणून चाचणीचा फोन हातकामाच्या फोनपासून वेगळा ठेवा. हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण बाकी सगळे उपाय याच्यानंतरचे आहेत. चाचणीच्या फोनवर हाताने काहीही उघडायचे नाही. तो एकदा स्वच्छ तयार करा, ॲनिमेशनचे तिन्ही स्केल फोनच्या सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये शून्य करा, स्नॅपशॉट घ्या, आणि यापुढे ‘-नो-स्नॅपशॉट-सेव्ह’ लावूनच उठवा. म्हणजे तो दरवेळी त्याच अवस्थेतून सुरू होईल आणि नवे काही साठवणार नाही. एकाच फोनच्या दोन प्रती एकदम हव्या असतील तर ‘-रीड-ओन्ली’.

दुसरे कारण घाईचे. ‘एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस’ फोन जोडला गेला की लगेच परत येते, पण अँड्रॉइड अजून उठत असते. तेव्हा चढवलेले ॲप अडखळते. ‘एडीबी शेल गेटप्रॉप सिस.बूट_कम्प्लीटेड’ विचारत राहा आणि उत्तर १ आल्यावरच पुढे जा. उन्हाळ्यात हे उठणे लांबते, म्हणून ठरावीक ३० सेकंद थांबण्याची ओळ मार्चमध्ये चालते आणि मेमध्ये फसते.

दोन फोन चालू असतील तर आज्ञा कोणाला हे सांगा. पहिला एम्युलेटर-५५५४, दुसरा ५५५६, असे सम आकडे असतात. ‘एडीबी डिव्हायसेस’ने यादी मिळते. ‘एडीबी -एस एम्युलेटर-५५५६’ असे लिहून पुढे आज्ञा. क्रम उठण्यावर ठरतो, त्यामुळे आज ५५५४ असलेला फोन उद्या ५५५६ होईल. पक्का हवा तर उठवतानाच ‘-पोर्ट ५५५४’ द्या.

प्रश्न : विंडोजवर आयफोनचा सिम्युलेटर कसा बसवावा?
— पंढरपूर

उत्तर : बसत नाही. तो एक्सकोडसोबत (ॲपलच्या ॲप बनवण्याच्या साधनासोबत) येतो आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतो. ‘विंडोजसाठी आयओएस एम्युलेटर’ म्हणून जे डाउनलोड फिरतात त्यांच्या नादी लागू नका. साइटपुरते पाहायचे तर प्लेराइट या ब्राउझर-चाचणीच्या साधनासोबत येणारे वेबकिट हे ब्राउझर इंजिन विंडोजवर चालते. ते आयफोनचे सफारी नव्हे, पण त्याच घराण्याचे इंजिन आहे, आणि मांडणीतल्या बऱ्याच चुका तिथे दिसतात. आयफोनवर आपल्याकडे क्रोमही आतून वेबकिटच असतो, म्हणून सफारीत बिघडलेले पान तिथेही बिघडते. एक चूक तर न पाहताही टाळता येईल: फॉर्ममधल्या चौकटींची अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की बोट लावताच आयफोन पान मोठे करतो आणि परत लहान करत नाही. सोळाच ठेवा.

कार्यालयात एखादा मॅक असेल तर त्याची साफसफाई मात्र नेमाने करा. एक्सकोड नवा झाला की जुन्या आयओएसचे फोन निरुपयोगी होऊन पडून राहतात: ‘एक्ससीरन सिमसीटीएल डिलीट अनअव्हेलेबल’. फोनच्या आतला कचरा काढायला आधी ‘शटडाउन ऑल’, मग ‘इरेज ऑल’. जागेचा मोठा वाटा आयओएसच्या रनटाइमचा, म्हणजे साठवलेल्या आयओएस आवृत्त्यांचा असतो. ‘सिमसीटीएल रनटाइम लिस्ट’ने यादी पाहून नको ते ‘रनटाइम डिलीट’ने काढा. सिम्युलेटर अचानक सगळे संथ दाखवू लागला तर डिबग मेनूत ‘स्लो ॲनिमेशन्स’वर खूण पडली आहे का बघा. कीबोर्ड दिसत नसेल तर कमांड-के.

आणि सिम्युलेटरवरून ॲपच्या वेगाचा अंदाज बांधू नका. तिथे तुमचा कोड मॅकच्या प्रोसेसरसाठीच बांधलेला असतो आणि मॅकच्या जोरावर पळतो.

प्रश्न : ॲपमध्ये यूपीआयने पैसे घ्यायचे आहेत. एम्युलेटरवर यूपीआय ॲप चालू होत नाही.
— नवी पेठ

उत्तर : होणारही नाही. यूपीआय ॲप नोंदणीच्या वेळी फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवून नंबर पडताळते, आणि एम्युलेटरला खरे सिम नसते. पेमेंट गेटवेच्या चाचणी मोडमध्ये यश, अपयश आणि ‘प्रलंबित’ या तिन्ही उत्तरांवर तुमचे ॲप काय करते ते एम्युलेटरवर तपासा. प्रलंबित विसरू नका. बाजाराच्या गर्दीत नेट गेले की तेच येते. त्यासाठी ‘एडीबी ईएमयू नेटवर्क स्पीड एज’ देऊन नेट मंद करा, आणि पैसे देण्याच्या मधेच विमान मोड लावा. प्रत्यक्ष यूपीआय ॲप उघडून परत येण्याचा टप्पा खऱ्या फोनवर, खऱ्या सिमवर, एक रुपयाच्या व्यवहाराने पाहा. यासाठी ३-४ जीबी रॅमचा जुना अँड्रॉइड फोन घ्या, महागडा नको. रॅम कमी असली की यूपीआय ॲप पुढे येताच अँड्रॉइड मागचे ॲप मारून टाकते आणि परत आल्यावर ऑर्डर गायब होते. ही चूक एम्युलेटरवर आणायची तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करा, पैसे देण्याच्या पानावरून बाहेर जा आणि परत या. ऑर्डर क्रमांक पडद्यावर तसाच असला पाहिजे.